बॉनेटमधली ट्यूबलाइट

जुलैतला रविवार. ठाण्यात, नौपाड्यातल्या घराच्या गॅलरीत, वाळत घातलेले कपडे एका बाजूला सारून, १:२४ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाच्या, एका मॉडेल गाडीच्या बॉडीवर काळा लॅकर मारला. दोन मिनिटं बॉनेट असं काही चमकलं की छताच्या ट्यूबलाइटचा पट्टा त्यात सरळसोट दिसत होता. तिसऱ्या मिनिटाला दुधावर साय धरावी तसा पांढुरका पडदा आला आणि ट्यूबलाइट त्यात विरून गेली.

वागळे इस्टेटमध्ये माझी खरी गाडी डेंटिंग-पेंटिंगला दिली होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेंटरला विचारलं. पत्रा घासता घासताच तो म्हणाला, "दादा, हवा ओली आहे. आज आम्हीपण स्प्रे-गन हातात घेतलेली नाही."

ओल्या हवेकडे येतोच. पण आधी ती ट्यूबलाइट दिसत होती ती का?

संध्याकाळी तलावपाळीला उभं राहा. वारा पडलेला असेल तर पलीकडचे दिवे मासुंदा तलावाच्या पाण्यात जसेच्या तसे उलटे दिसतात. झुळूक आली की तेच दिवे लांबतात, तुटतात. पाणी तेच, दिवे तेच, फक्त सपाटी मोडलेली असते. रंगाच्या थराचंही तेच आहे. भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे: समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी, उंचसखलपणा तरंगलांबीच्या आठव्या भागापेक्षा कमी असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत समजावा. हिरव्या प्रकाशासाठी ही मर्यादा येते ७० नॅनोमीटरच्या आसपास. आपला केस याच्या साधारण हजारपट जाड असतो.

आणि काळाच रंग एवढा छळतो त्यालाही कारण आहे. समोरून पाहिलं तर लॅकरचा पृष्ठभाग जेमतेम ४ टक्के प्रकाश आरशासारखा परत पाठवतो. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण आत शिरलेला प्रकाश चहूकडे उधळून बाहेर टाकतात, त्या उजेडात हे ४ टक्के बुडून जातात. काळा रंग आत गेलेलं सगळं गिळतो, मग डोळ्यांसाठी ते ४ टक्केच उरतात. म्हणून काळी गाडी सर्वांत जास्त चमकते आणि केलेली प्रत्येक चूक तीच चव्हाट्यावर आणते. पहिलं मॉडेल पांढरं करा, असं मी सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

गनमधून किंवा स्प्रेच्या डब्यातून रंग येतो तो थेंबाथेंबाने. बॉडीवर थेंबांच्या टेकड्या बसतात, पृष्ठताण त्यांना ओढून सपाट करू लागतो, आणि त्याच वेळी थिनर उडून रंग दाट होत जातो. एकदा दाट झाला की संपलं. ही शर्यत कोण जिंकणार याचं गणित मोठं गमतीचं आहे. लाटांमधलं अंतर दुप्पट झालं की सपाट व्हायला सोळापट वेळ लागतो. ओल्या थराची जाडी निम्मी केली तर आठपट. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक लाटा क्षणात मिटत असतील, तर तीन मिलिमीटरच्या लाटांना त्याच्या हजारपटीहून जास्त वेळ हवा. तेवढा वेळ रंग देत नाही. मागे राहते ती संत्र्याची साल, म्हणजे तिच्यासारखा खडबडीत थर.

डबा फार लांब धरला की थेंब हवेतच अर्धे सुकून पोचतात, तेव्हाही हीच साल.

मग जाड थर मारावा? इथे माप आडवं येतं. खऱ्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तोच १०० मायक्रॉनचा थर १:२४ च्या मॉडेलवर बसला, तर खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर रंग थापल्यासारखा झाला. दरवाजांच्या फटी बुजतात, बॉनेटच्या धारा बोथट होतात. शिवाय उभ्या बाजूला जाड ओला थर ओघळतोच. म्हणून आधी दोन-तीन हलके हात, आणि शेवटचा एकच हात ओला. त्याआधी मी डबा कोमट पाण्यात ठेवतो, हाताला सोसेल इतक्याच. गरम रंग पातळ होतो, थेंब बारीक पडतात. (गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात डबा कधीही नाही. तो फुटतो.)

आता ती साय. थिनर उडताना उष्णता घेऊन जातो. नेलपॉलिश रिमूव्हर हातावर सांडलं की गार लागतं तसंच. ठाण्यात जुलैत २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तो आकडा, २६ च्या आसपास येतो. बॉनेट फक्त तीन अंशांनी गार झालं की त्यावर दव पडतं, पाण्याचे सूक्ष्म थेंब लॅकरमध्ये अडकतात आणि प्रकाश उधळतात. जानेवारीतल्या दुपारी, ३० अंश आणि ४५ टक्क्यांना, हाच दवबिंदू १७ च्या जवळ असतो. तितकं गार व्हायला लॅकरला बरंच झगडावं लागेल.

लॅकरचं बरं असतं, तो सुकला तरी थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. सावकाश उडणारा थिनर वरून अगदी हलका मारला, थर पुन्हा ओला झाला, पाणी निघून गेलं. ट्यूबलाइट परत आली, थोडी वाकडी.

वाकडेपणा घासून काढायचा. दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरचे कण साधारण १० मायक्रॉनचे असतात. पाणी मारत त्याने लाटांचे माथे उतरवले की बॉनेट चक्क मॅट दिसतं आणि पोटात गोळा येतो. पुढे आणखी बारीक पेपर, मग कंपाउंड, म्हणजे चमक आणणारी घासायची पेस्ट. प्रत्येक पायरीचे ओरखडे आधीच्यापेक्षा बारीक, शेवटी डोळ्याला न दिसण्याइतके.

घाई मात्र कडांवर करू नये. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरकतो, त्यामुळे थर सर्वांत पातळ असतो तो नेमका धारेवर. मला हे माहीत होतं, धारांवर मास्किंग टेप लावायचीही होती, पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बॉनेटची डावी धार राखाडी झाली आहे, खालचा प्रायमर दिसतोय. पाऊस जरा उघडू दे, मग बघू.