ॲटली (आडनाव)

ॲटली हे एक विरळ इंग्रजी आडनाव असून ते मूळ धारकाच्या घराच्या जागेवरून पडले आहे. मध्ययुगीन इंग्रजीतील ‘ॲटे ली’, म्हणजे ‘रानातल्या मोकळ्या जागेपाशी राहणारा’, हे त्याचे मूळ रूप होय.

‘ली’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘लेआह’वरून आला. त्याचा अर्थ आरंभी वन, मग झाडे तोडून मोकळी केलेली जमीन आणि शेवटी कुरण असा सरकत गेला. वेम्बली, हेन्ली या गावांच्या नावांतला शेवटचा ‘ली’ तोच. या शब्दाचे लॅटिन ‘लूकुस’ (देवराई) आणि संस्कृत ‘लोक’ यांच्याशी सख्खे नाते आहे. वैदिक भाषेत ‘लोक’ म्हणजे मुळात मोकळी जागा, हे लक्षात घेतले की सातासमुद्रापलीकडचे हे आडनाव मराठी वाचकाला परके वाटत नाही.

तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडातील खेड्यांत जॉन, विल्यम, रॉबर्ट अशी मोजकीच नावे प्रचलित होती. 1377, 1379 आणि 1381 साली डोईपट्टी बसवली गेली तेव्हा एका जॉनची पट्टी दुसऱ्याच्या नावे पडू नये म्हणून कारकुनाला ‘कुरणापाशी राहणारा जॉन’, ‘विहिरीपाशी राहणारा जॉन’ असा भेद करावा लागे. अशी ओळखीची नावे हळूहळू वंशपरंपरागत झाली. पुढे बहुतेक घराण्यांत ‘ॲटे’ गळून पडले आणि नुसते ली, वूड, हिल उरले. ‘ॲटेन’ या रूपातला ‘न’ मात्र काही ठिकाणी पुढच्या शब्दाला चिकटला; ‘ॲटेन ॲश’चे (ॲश वृक्षापाशी) नॅश झाले ते असे. ॲटली, ॲटवूड, ॲटवेल यांनी ते जुने अव्यय अखंड जपले आहे, आणि या आडनावाचे खरे मोल त्यातच आहे. ॲटकिन्स या मालिकेतले नव्हे. ते ‘ॲडम’च्या लाडक्या रूपावरून आले.

हे आडनाव जगभर पोचले ते क्लेमंट ॲटली (1883–1967) यांच्यामुळे. त्यांचे घराणे सरे परगण्यातील डॉर्किंगचे. ब्रिटनचे पंतप्रधान असताना 20 फेब्रुवारी 1947 रोजी त्यांनी जून 1948 पर्यंत भारतीयांच्या हाती सत्ता सोपवण्याची घोषणा केली, आणि हे नाव भारताच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. 1955 साली त्यांना सरदारकी मिळाली, ती ‘अर्ल ॲटली’ या किताबाने.