मान्यता म्हणजे कोणाची? परदेशातल्या एमबीबीएसची पार्श्वभूमी

नीटचा निकाल लागला की पुढचे तीन-चार आठवडे आमच्या ओट्यावरच्या चपला कमी होत नाहीत. मी अमळनेरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे पोरापोरींचे मार्क घेऊन पालक सरळ घरीच येतात. गेल्या वर्षी पारोळा तालुक्यातले एक कापूसवाले शेतकरी आले. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. सोबत मुलगी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं एक माहितीपत्रक. गुळगुळीत कागद, वर काचेची इमारत. आत लिहिलं होतं की पहिली दोन वर्षं एका देशात, पुढची तीन ‘भागीदार’ हॉस्पिटलांत दुसऱ्या देशात, पदवी आंतरराष्ट्रीय, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत ‘एमसीआय मान्यताप्राप्त’. आप्पांनी त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. “सर, मान्यता शे ना?”

सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढवायचा की नाही, ते या एका शब्दावर ठरणार होतं. आणि पहिली अडचण तिथेच होती. एमसीआय, म्हणजे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया, सप्टेंबर 2020 मध्येच बंद झाली. तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आपण ज्याला एनएमसी म्हणतो तो आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयोग परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देतच नाही. तो नियम सांगतो. त्या नियमांत बसणारी पदवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसू देतो. मग माहितीपत्रकातली ती मान्यता कोणाची? जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांच्या यादीत नाव असलं की एजंट तीच मान्यता म्हणून दाखवतात. पण ती यादी म्हणजे पत्त्यांची वही आहे. कॉलेज अस्तित्वात आहे, एवढंच ती सांगते.

पदवी एक आणि परवाना दुसरा. पदवी विद्यापीठ देतं. माणसाच्या अंगाला हात लावायचा परवाना मात्र ज्या देशात दवाखाना टाकायचा तिथली परिषद देते. या दोन्हींमधलं अंतर आजचं नाही. ब्रिटनमध्ये 1858 च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल झाली आणि डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. वहीत नाव असेल तोच कायद्याने डॉक्टर. ही वही आपल्याकडे पोचायला पुष्कळ वर्षं गेली. आनंदीबाई जोशींनी 1886 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी घेतली, तेव्हा मुंबई इलाख्यात नाव नोंदवायला अशी वहीच नव्हती. ती 1912 च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने आली.

डॉ. रखमाबाईंची गोष्ट मला आजच्या मुलांसाठी जास्त जवळची वाटते. 1889 मध्ये त्या लंडनच्या महिलांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. ती शाळा 1874 मध्ये निघाली, पण तिच्याकडे स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं, म्हणून 1877 पासून तिच्या विद्यार्थिनी रॉयल फ्री हॉस्पिटलच्या वॉर्डांत शिकत. पदवी द्यायचा अधिकारही शाळेला नव्हता. त्यामुळे शिकायचं एकीकडे, रुग्ण पाहायचे दुसरीकडे आणि परीक्षा द्यायची तिसरीकडे. रखमाबाईंनी स्कॉटलंडच्या संस्थांची परीक्षा देऊन परवान्याची पात्रता मिळवली आणि 1894 मध्ये ब्रुसेल्सहून एमडी केली. म्हणजे भागीदारीचं शिक्षण सव्वाशे वर्षांपूर्वीही होतं आणि अगदी प्रामाणिक होतं. कोण शिकवतं, कुठल्या वॉर्डात, आणि परवाना कुणाच्या सहीने, ते तिथे उघड होतं. परत येऊन रखमाबाईंनी आपल्या तापीच्या मुखाशी, सुरतेत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

यातला पुढचा टप्पा आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या लंडनची परिषद, म्हणजे तीच जनरल मेडिकल कौन्सिल, मान्य करत असे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची कुरबूर सुरू झाली. मुख्य तक्रार बाळंतपणाच्या शिक्षणाची होती. भारतातला विद्यार्थी पदवी घेण्याआधी पुरेशी बाळंतपणं स्वतः हाताळत नाही, असं तिचं म्हणणं होतं. तपासनीस आले, वाद झाले, आणि अखेर 1930 मध्ये भारतीय पदव्यांची मान्यताच काढून घेतली गेली. ग्रँट मेडिकलसारख्या, 1845 पासून चालत आलेल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या डॉक्टरची पदवी लंडनमध्ये एका फटक्यात चालेनाशी झाली. इथे संताप झाला. त्याला राष्ट्रीय अपमानाची धार होती, आणि तो रास्तही होता. पण वॉर्डात किती बाळंतपणं झाली, हा प्रश्नही खोटा नव्हता. त्यातूनच 1933 चा भारतीय वैद्यकीय परिषद कायदा आला आणि पुढच्या वर्षी परिषद उभी राहिली. आपल्या पदव्यांचा दर्जा आपण ठरवू, आणि परक्या देशांच्या पदव्या बरोबरीच्या नात्याने, तुम्ही आमच्या माना तर आम्ही तुमच्या मानू, या तत्त्वावर घेऊ, असा तिचा पाया होता.

म्हणजे आज दिल्लीतून बाहेरच्या कॉलेजांना जे विचारलं जातं, रुग्ण किती, वॉर्डात किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली, तेच एकदा आपल्याला विचारलं गेलं होतं. परदेशातून आलेल्या पोरांवर अन्याय होतो असं कुणी म्हणालं की मी त्यांना 1930 ची आठवण करून देतो.

स्वातंत्र्यानंतर 1956 मध्ये नवा कायदा आला. त्याच्या परिशिष्टांत देशी-परदेशी पदव्यांच्या याद्या होत्या. 1960 मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ निघालं. पुढच्या वर्षी त्याला काँगोचे नेते पॅट्रिस लुमुंबा यांचं नाव मिळालं. सोव्हिएत शिष्यवृत्तीवर तिकडे जाणारी मुलं मोजकी आणि निवडून घेतलेली असत. उलट दिशेनेही दार बंद होत होतं. 1930 नंतर मध्यंतरी पुन्हा सुरू झालेली भारतीय पदव्यांची थेट मान्यता ब्रिटनने 1975 मध्ये थांबवली, आणि तिथे जाऊ पाहणाऱ्या आपल्या डॉक्टरांच्या वाट्याला वेगळी परीक्षा आली, जिला आज प्लॅब म्हणतात.

1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि सगळं पालटलं. तिथल्या विद्यापीठांना पैसा हवा होता, इथल्या पालकांना जागा. शिष्यवृत्तीच्या जागी फी आली आणि निवड समितीच्या जागी एजंट आला. परतलेल्या मुलांची नोंदणी परिषदेने अडवली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2001 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2002 पासून एफएमजीई ही चाळणी परीक्षा सुरू झाली. एका दिवसात 300 प्रश्न, पास व्हायला 150. निगेटिव्ह मार्किंग नाही, वर्षातून दोनदा परीक्षा. ऐकायला सोपी वाटते. तरीही किती तरी सत्रांत पाचांतला एकही धड पास झालेला नाही. मुलं मंद असतात, हे त्याचं कारण नव्हे. रशियन भाषा चांगली येत नसेल, तर वॉर्डातला म्हातारा रुग्ण ‘इथे दुखतं’ म्हणतो ते कळत नाही. मग वॉर्डात उभं राहून फक्त हजेरी लागते. मी अशा तीन मुलांना जवळून पाहिलं आहे. शरीररचनेची आकृती डोळे मिटून काढतील, पण कावीळ झालेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यावर अडतील.

खान्देशातून मुलं बाहेर जातात, त्याला आपला भूगोलही कारण आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून 2018 पर्यंत सरकारी वैद्यकीय कॉलेज एकच होतं, धुळ्याचं. जळगावला 2018 मध्ये झालं. नंदुरबार जिल्हा झाला 1998 मध्ये आणि तिथे कॉलेज आलं 2020 मध्ये. सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या मुलुखाला हे फार उशिराचं आहे. खाजगी कॉलेजं आहेत, पण त्यांची फी आणि केळीचा वा कापसाचा भाव यांचा मेळ क्वचितच बसतो. त्यापेक्षा रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया स्वस्त पडतं. जून 2024 मध्ये रशियातल्या वेलिकी नोव्हगोरोदला व्होल्खोव्ह नदीत जळगाव जिल्ह्यातले चार विद्यार्थी बुडून गेले. त्या दिवसांत आमच्या वर्गातली मुलं नकाशावर ती नदी शोधत होती. ती नदी माहीत नसलेलं एकही घर त्या आठवड्यात गावात उरलं नव्हतं.

आता भागीदारीच्या कोर्सकडे येतो, कारण आप्पांचं माहितीपत्रक त्याचंच होतं. यातलं सगळंच खोटं नसतं. मलेशियाने हा प्रकार नीट उभा केला. क्वालालंपूरच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय विद्यापीठात 1992 पासून पहिली अडीच वर्षं तिथे आणि पुढचं शिक्षण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या भागीदार विद्यापीठांत, अशी सोय होती. पदवी भागीदार विद्यापीठाची. मणिपालने 1997 मध्ये मलाक्काला कॉलेज काढलं. तिथली मुलं आधी मणिपालला शिकायची आणि मग रुग्ण पाहायला मायदेशी जायची. आपल्या शेजारी बेळगावलाही 2010 पासून मलेशियाच्या सायन्स विद्यापीठाचा वैद्यकीय अभ्यासक्रम चालला. हे जमलं, कारण मुलाला जिथे प्रॅक्टिस करायची होती, तिथल्या परिषदेने हा रस्ता आधीच मान्य केला होता. मलेशियाची मुलं मलेशियातच डॉक्टर होणार होती.

आपल्या मुलांचं उलटं आहे. त्यांना परत पारोळ्यात, शिरपुरात, साक्रीत दवाखाना टाकायचा असतो. म्हणून भारताचा नियम पाहावा लागतो, आणि तो 18 नोव्हेंबर 2021 ला फार कडक झाला. कोर्स किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातून आणि सगळा एकाच संस्थेत. त्यानंतर 12 महिने इंटर्नशिप, तीही त्याच संस्थेत. पदवी ज्या देशाची, त्याबाहेर शिक्षणाचा कोणताही तुकडा नको. शिवाय त्या देशात तिथल्या नागरिकाइतकाच प्रॅक्टिसचा परवाना मिळाला पाहिजे. मग भारतातली परीक्षा आणि पुन्हा 12 महिने इंटर्नशिप. त्याआधी 2018 पासूनच परदेशी जाणाऱ्यांना नीट पात्र होणं बंधनकारक झालं होतं.

या एका अधिसूचनेने दोन देशांत वाटलेले कितीतरी कोर्स भारतापुरते बाद झाले. कॅरिबियन बेटांवर पुस्तकी शिक्षण आणि अमेरिकेच्या हॉस्पिटलांत प्रत्यक्ष काम, ही तिथली जुनी पद्धत आहे. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर तिला अर्थ आहे, पण पदवी बेटाची आणि वॉर्ड अमेरिकेतला म्हटल्यावर इथे ती बसत नाही. फिलिपिन्सला आधी बीएस, म्हणजे विज्ञानाची पदवी, आणि मग चार वर्षांची एमडी. बीएस वैद्यकीय शिक्षणात धरत नाहीत, आणि उरलेले 48 महिने 54 ला पुरत नाहीत. मध्ये एक अपवाद करावा लागला. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि ऑपरेशन गंगाच्या विमानांनी मुलं परत आणली. तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयोगाने दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात तात्पुरतं शिकायला हरकत घेतली नाही. पदवी मात्र मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच धरली. मी तो निर्णय योग्य मानतो. युद्धाची शिक्षा विद्यार्थ्यांना नको. पण काही एजंट आजही त्या अपवादाचं कागद दाखवून ‘दोन देश चालतात’ म्हणतात, याची मला मनापासून चीड येते.

परत आल्यावरचा रस्ताही छोटा नाही. चाळणी परीक्षा पास झाल्यावर राज्य परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपसाठी जागा. 2021 च्या इंटर्नशिप नियमांत परदेशातून आलेल्यांसाठी कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्के जागा सांगितल्या होत्या, म्हणजे शंभर जागांच्या कॉलेजात सात-आठ. शेवटी मुंबईला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे कायम नोंदणी. ते कार्यालय चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावर आहे. आमच्या प्रताप हायस्कूलात शिकवणाऱ्या गुरुजींच्या नावाचा रस्ता, एवढं ऐकून पोरांच्या चेहऱ्यावर जरा धीर येतो.

आप्पांच्या मुलीने त्या संध्याकाळी माझ्याच टेबलावर बसून कॉलेजला ईमेल लिहिला. तीन प्रश्न. पदवी कोणत्या देशाची? शेवटची तीन वर्षं हॉस्पिटल कोणत्या देशात? आणि तुमच्या देशात तुमच्या मुलांना मिळतो तोच परवाना मला मिळेल का? माहितीपत्रकावरच्या पत्त्यावरून अकरा दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या दोन प्रश्नांना दोन वेगळ्या देशांची नावं होती, तिसऱ्याचा उल्लेख नव्हता. आप्पांनी ते माझ्याकडून मराठीत दोनदा वाचून घेतलं, आणि बँकेत टाकलेला अर्ज दुसऱ्या दिवशी परत घेतला. मुलगी यंदा पुन्हा नीटला बसली आहे.