थंडरचे विजेतेपद : दोन पुनर्बांधण्या आणि मधला २०१६ चा उन्हाळा

२२ जून २०२५ रोजी ओक्लाहोमा सिटी थंडरने अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला १०३-९१ असे हरवून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, विजेतेपद पटकावले. साखळी मोसमात ६८ विजय आणि अवघे १४ पराभव. त्याच्या चार वर्षे आधी याच संघाने ७२ पैकी ५० सामने गमावले होते. ही उडी नशिबाची नाही. तिची मुळे २०१६ च्या उन्हाळ्यात आहेत आणि तिथे पोचण्याआधी थोडे मागे जावे लागते.

ओक्लाहोमा सिटी महानगराची वस्ती साधारण १४ लाख. लीगला राष्ट्रीय प्रक्षेपणातून मिळणारा पैसा तीसही संघांत सारखा वाटला जातो, म्हणून छोट्या शहराचा संघ अगदीच गरीब नसतो. अडचण दोन ठिकाणी येते. स्थानिक टीव्हीचे उत्पन्न तोकडे असते, आणि करारमुक्त झालेला मोठा खेळाडू लॉस एंजेलिस किंवा मायामी सोडून सहसा इथे येत नाही. त्यामुळे खेळाडू मिळवायचा तो ड्राफ्टमधून (दरवर्षी नव्या खेळाडूंमधून संघ पाळीपाळीने करतात ती निवड) किंवा दुसऱ्या संघाशी अदलाबदलीतून. ड्राफ्टचा खरा फायदा गुणवत्तेपेक्षा मुदतीत आहे. पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू ठरलेल्या, तुलनेने कमी पगारावर चार वर्षे हाताशी राहतो, त्यांतली शेवटची दोन संघाच्या मर्जीवर असतात. पुढे दुसऱ्या संघाने त्याला देकार दिला, तरी तेवढाच पगार देऊन त्याला ठेवण्याचा हक्क मूळ संघाला असतो.

सॅम प्रेस्टी हे गणित सॅन अँटोनियो स्पर्समध्ये शिकले. २००७ मध्ये ते सिएटल सुपरसॉनिक्सचे सरव्यवस्थापक झाले, आणि २००८ मध्ये तोच संघ ओक्लाहोमा सिटीत आला. २००७ ला केविन ड्युरँट, २००८ ला रसेल वेस्टब्रुक, २००९ ला जेम्स हार्डन अशी लागोपाठ तीन वर्षे निवड झाली. पहिल्या मोसमात २३ विजय, दुसऱ्यात ५०, आणि २०१२ मध्ये अंतिम फेरी. तिथे मायामीकडून ४-१ अशी हार झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्डनच्या कराराचे बोलणे फिसकटले. मागणी आणि देकार यांत काही दशलक्ष डॉलरचेच अंतर होते, पण पुढे लक्झरी टॅक्सचा, म्हणजे ठरलेल्या रेषेवरच्या पगारासाठी लीगला भरायच्या दंडाचा, बोजा दिसत होता. मोसम तोंडावर असताना त्याला ह्यूस्टनला देण्यात आले. हे तिघेही पुढे एमव्हीपी, म्हणजे मोसमातले सर्वोत्तम खेळाडू, ठरले. एकत्र मात्र ते पुन्हा अंतिम फेरी खेळले नाहीत.

२०१६ मध्ये अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर गोल्डन स्टेटविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेतली ३-१ अशी आघाडी हातातून गेली आणि जुलैत करार संपलेला ड्युरँट त्याच गोल्डन स्टेटकडे गेला. बदल्यात थंडरला ना खेळाडू मिळाला, ना ड्राफ्टचा हक्क (दुसऱ्या संघाच्या पाळीला खेळाडू निवडण्याचा अधिकार). छोट्या संघाचे खरे नुकसान असे होते. पराभव पुढच्या वर्षी भरून निघतो, फुकट गेलेला तारा निघत नाही.

म्हणून २०१९ चा जुलै इतका महत्त्वाचा. थंडरचा तारा पॉल जॉर्जने लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे जायची इच्छा सांगितली, तेव्हा त्याच्या करारात अजून वर्षे शिल्लक होती. दुसरीकडे जॉर्ज आला तरच करारमुक्त झालेला तारा कवाय लेनर्ड क्लिपर्सकडे येणार होता. क्लिपर्सना एका सौद्यात दोन तारे मिळत होते, त्यामुळे प्रेस्टींनी किंमतही तशीच लावली : शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि दोन वर्षे ड्राफ्टमधले क्रमांक बदलून घेण्याची मुभा. त्यांतल्या २०२२ च्या हक्कातून बाराव्या क्रमांकावर जेलेन विल्यम्स आला. म्हणजे विजेत्या संघाचे सर्वांत महत्त्वाचे दोन खेळाडू एकाच सौद्याची कमाई आहेत. त्याच महिन्यात वेस्टब्रुकही ह्यूस्टनला गेला. ख्रिस पॉल आणि आणखी हक्क घरात आले.

२०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन मोसम कठीण होते : २२ विजय, मग २४. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने १५२-७९ असे हरवले. ७३ गुणांचा हा फरक एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. ड्राफ्टमधले वरचे क्रमांक खालच्या संघांत सोडतीने ठरतात, त्यामुळे मुद्दाम खाली राहूनही वरची निवड मिळेलच असे नाही. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी प्रत्येकी १४ टक्केच असते, आणि सर्वांत खालचा संघही पाचव्यापर्यंत घसरू शकतो. २०२१ मध्ये थंडरला याचा दुहेरी फटका बसला. स्वतःची निवड सहाव्या क्रमांकावर गेली. ह्यूस्टनची निवड पाचवी आली असती तर ती थंडरला घेता आली असती, ती दुसरी आली आणि अटीनुसार ह्यूस्टनकडेच राहिली. हक्क किती आहेत यापेक्षा त्यांवरची संरक्षणाची अट (कितव्या क्रमांकापर्यंत निवड मूळ संघाकडेच राहते) काय आहे, हे आधी वाचायचे ते यासाठी.

याच काळात पगारमर्यादेतली (लीगने संघाच्या एकूण पगारावर घातलेली मर्यादा) मोकळी जागा भाड्याने द्यावी तशी वापरली गेली. दुसऱ्याचा महागडा करार अंगावर घ्यायचा आणि मोबदल्यात हक्क मागायचा. अल हॉरफर्डला असेच घेतले, मग बॉस्टनला देऊन सोळावी निवड मिळवली. ती ह्यूस्टनला देऊन भविष्यातले दोन हक्क घेतले, आणि ह्यूस्टनने तिथे अल्परेन शेंगुन निवडला, जो पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांत गणला गेला. वाट पाहण्याची ही किंमत आहे, आणि हा सौदा आजही खटकतो.

संघ घडला तो या साठ्याबाहेरच्या कामामुळेही. लू डॉर्ट ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. एरन विगिन्स ५५ वा होता. आयझेया जो याला फिलाडेल्फियाने सोडून दिले होते. प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट आधी थंडरच्याच जी-लीग (एनबीएची खालची, खेळाडू घडवणारी लीग) संघाचे, ब्लूचे, प्रशिक्षक होते, त्यामुळे खालून वर येणाऱ्याला नवी पद्धत शिकावी लागत नव्हती. २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला चेट होल्मग्रेन पायाच्या दुखापतीने अख्खा मोसम बाहेर राहिला, तरी त्याची जागा भरायला घाईने कोणी आणले नाही. घाई केली ती नेमकी वेळ आल्यावर. २०२४ च्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या) जॉश गिडीला डॅलसने बाहेरून शॉट मारायला मोकळे सोडले, तेव्हा उन्हाळ्यात त्याच्या बदल्यात शिकागोकडून बचावपटू ॲलेक्स करूसो घेतला आणि आयझेया हार्टनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलरचा करार दिला.

त्या करारातले तिसरे वर्ष, २०२६-२७, संघाच्या मर्जीवर ठेवले आहे, आणि विल्यम्स आणि होल्मग्रेन यांचे नवे मोठे करार त्याच मोसमापासून लागू होतात. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या २०२३ च्या सामूहिक करारानुसार पगाराची दुसरी वरची रेषा (लक्झरी टॅक्सच्याही वरची) ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत अनेक खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत आणि सात वर्षांनंतरच्या पहिल्या फेरीचा हक्क गोठतो. तीन तारे ठेवायचे तर बाकीची बाके स्वस्त, तरुण खेळाडूंनी भरावी लागतील. २०१९ पासून जमवलेल्या हक्कांतले काही अजून वापरायचे बाकी आहेत. शहरानेही आपला वाटा उचलला आहे : डिसेंबर २०२३ मध्ये मतदारांनी एक टक्का विक्रीकर सहा वर्षे देऊन किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या मैदानाला मंजुरी दिली, आणि संघ २०५० पर्यंत तिथेच राहण्यास बांधला गेला.