अलास्काची क्रूझ आणि मे महिन्याची धास्ती

"अलास्काची क्रूझ जुलै-ऑगस्टमध्येच करावी, मे महिन्यात नुसता गारठा नि पाऊस," असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मुलांना मेची सुट्टी असूनही कितीतरी मराठी कुटुंबं त्यापायी बेत रद्द करतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

गारठा असतो, पण थोडा. अलास्काची राजधानी जूनोमध्ये मे महिन्यात दुपारचं तापमान साधारण 14 अंश, जुलैत 18. पावसाचं मात्र नेमकं उलट आहे. या क्रूझ जातात त्या आग्नेय अलास्कात एप्रिल ते जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. जुलैपासून पाऊस वाढत जातो नि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वाधिक कोसळतो. मेमध्ये डोंगरमाथे अजून पांढरे असतात, वितळत्या बर्फाचे धबधबे कड्यांवरून थेट समुद्रात उतरतात, आणि हवाईहून परतलेले हंपबॅक देवमासे दिसू लागतात.

उणीव आहेच. एखाद्या चिंचोळ्या खाडीत तरंगता बर्फ जास्त असला, तर जहाज हिमनदीपर्यंत पोचत नाही. आणि ओढ्यात सॅमन मासे पकडणारी अस्वलंच बघायची असतील, तर खुशाल जुलै-ऑगस्टच निवडा. रेनकोट मात्र चांगला घ्या.