होज (अग्निशमन नळी)

पंपापासून किंवा हायड्रंटपासून (अग्निशमनासाठी पाणी घेण्याच्या तोटीपासून) आगीच्या ठिकाणापर्यंत दाबाखालचे पाणी नेणारी लवचिक नळी. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. दमास्कसच्या अपोलोडोरसच्या (इ. स. २ रे शतक) नावावर पाण्याच्या पिशवीला बैलाचे आतडे जोडण्याची युक्ती सांगितली जाते, परंतु ते साधन पंपाला जोडलेले नव्हते, हे लक्षात घेता आधुनिक होजचे श्रेय अॅमस्टरडॅमच्या यान व्हान डर हेडन या चित्रकाराला देणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याने भाऊ निकोलास याच्यासह १६७२-७३ च्या सुमारास चामड्याची शिवलेली नळी प्रचारात आणली. तिचे सुमारे ५० फुटी तुकडे पितळी जोडण्यांनी एकमेकांना जोडता येत. पुढे १८०७ च्या सुमारास फिलाडेल्फियात शिवणीच्या जागी धातूचे रिव्हेट आले.

भारतात नळीसाठी आयएस ६३६ आणि जोडण्यांसाठी आयएस ९०३ ही मानके आहेत. मुंबईतील इमारतींच्या होज-पेटीत सामान्यतः ६३ मिमी. व्यासाची, १५ मी. लांबीची नळी असते. हे माप अडीच इंचांवरून (६३.५ मिमी.) आले असावे. दोहोंतील फरक नगण्य वाटला, तरी व्यासाचा वर्ग होत असल्याने धारणक्षमतेत तो सुमारे दीड टक्का भरतो.

धारणक्षमता आतील व्यासावरून काढतात, बाहेरील व्यासावरून नव्हे. ६३ मिमी. नळीत दर मीटरला सुमारे ३.१२ लि., म्हणजे १५ मी. लांबीत ४७ लि. आणि ३० मी. लांबीत ९३.५ लि. पाणी मावते, ३८ मिमी. नळीत १५ मी. लांबीत केवळ १७ लि. ही मूल्ये गोल छेद गृहीत धरून काढलेली आहेत. दाबाखाली विणलेले आवरण किंचित फुगते व लांबते, त्यामुळे प्रत्यक्ष साठा थोडा अधिक असतो. मिनिटाला ४५० लि. प्रवाह असताना ३० मी. लांबीच्या चार ६३ मिमी. नळ्या भरण्यातच सुमारे ५० सेकंद जातात, आणि या विलंबाचा हिशेब पंपचालकाला ठेवावाच लागतो.

भरलेल्या ३० मी. नळीत पाण्याचेच वजन ९३ किग्रॅ.च्या घरात असल्याने ती जिन्यावरून ओढणे अतिशय कठीण होते. म्हणून नळी कोरडी असतानाच पसरतात आणि मग पाणी सोडतात. मुंबईच्या उंच इमारतींत वेट रायझरच्या (इमारतीत बसवलेल्या, सतत पाण्याने भरलेल्या उभ्या नळाच्या) वाहिनीमुळे रस्त्यापासून वरपर्यंत नळी नेण्याची गरज टळते. मजल्यावरील होज रीलची (चक्रावर गुंडाळलेली) १९ मिमी. नळी ३० मी. लांब असली, तरी तिच्यात जेमतेम ८.५ लि. पाणी राहते, त्यामुळे ती एकट्यालाही हाताळता येते; मात्र तिचा प्रवाह प्रारंभिक आगीपुरताच असतो.