संकासुराच्या अंगावरचे पट्टे

कार्तिकातली जत्रा. वेंगुर्ल्याजवळच्या एका देवळाचं आवार, रात्रीचे साडेबारा उलटून गेलेले. आड-दशावतार, म्हणजे दशावतारी नाटकाचा पूर्वरंग, सुरू होता आणि काळ्या वेषातला, काळ्या बुरख्याआडचा संकासुर पखवाज-झांजेच्या ठेक्यावर भलताच रंगात आला होता. मी पुढच्याच रांगेत मांडी घालून बसलो होतो. शटरची खटखट आजूबाजूच्यांना नको म्हणून कॅमेरा बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला होता. संकासुराची उडी हवेतच पकडायची म्हणून वेग धरला सेकंदाचा हजारावा भाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्या कलाकाराला फोटो दाखवले. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हे पट्टे खंयसून इले रे?"

एकेका फोटोत तीन-तीन आडवे काळपट पट्टे होते. कुठे बुरख्यावर, कुठे कमरेवर, कुठे मागच्या पडद्यावर. त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर बसून हिशेब केला. नवा व्यावसायिक मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा म्हणजे नेमकं काय, हे मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्या तीन पट्ट्यांनी जास्त शिकवलं.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शिखर गाठते, म्हणून साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि तितक्याच वेळा मंदावतो. डोळ्याला हे जाणवत नाही. कॅमेऱ्याला जाणवतं, कारण त्याच्या आतला प्रकाश टिपणारा सेन्सर अख्खं चित्र एकदम उचलत नाही, तो ते ओळीओळीने वाचत जातो. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला वरच्या ओळीपासून तळाच्या ओळीपर्यंत पोचायला साधारण सेकंदाचा तिसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात दिवा तीनदा मंदावतो. म्हणून पट्टे तीन.

किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे चटकन कळेल. जुना सेन्सर म्हणजे रापण. दोन्ही बाजूंनी दोर ओढत जाळं हळूहळू पुळणीवर येतं. पहिला मासा हाताला लागतो तेव्हा शेवटचा अजून पाण्यातच असतो, आणि मधल्या वेळात समुद्र काही थांबून राहत नाही. पाग मात्र एका झटक्यात फेकला जातो. गोल उघडतो, पाण्यावर पडतो आणि त्या क्षणी खाली जे असेल ते सगळं एकदम जाळ्यात येतं. गेल्या काही वर्षांतली कॅमेऱ्याची सगळी धडपड रापणीकडून पागाकडे जाण्याची आहे. म्हणून नवा कॅमेरा आला की लोक 'किती मेगापिक्सेल?' विचारतात आणि मी विचारतो, 'वाचून किती वेळात होतो?'

आधी आरसा का गेला ते सांगतो. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे तिरका आरसा असायचा. तो प्रकाश वर फेकायचा आणि आपल्याला दृश्य दिसायचं. बटण दाबलं की आरसा उचलला जायचा. २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ आला आणि लग्नाच्या शूटिंगपासून लघुपटांपर्यंत सगळ्यांनी तो उचलला. पण व्हिडिओ घेताना आरसा वरच धरावा लागे, मग डोळ्याची खिडकी काळोखी व्हायची आणि फोकस हाताने सांभाळावा लागायचा. फोटो आणि व्हिडिओ एका घरात राहत होते, पण त्यांचं जमत नव्हतं. त्याच वर्षी पॅनासॉनिकने जी-वन आणला, भिंग बदलता येणारा पण आरसा नसलेला. सेन्सर सतत उघडा, तो जे पाहतो तेच छोट्या पडद्यावर आपल्या डोळ्याला दिसतं. आरशाची जागा वाचल्यामुळे भिंगही सेन्सरजवळ आलं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये, म्हणजे भिंग जोडायच्या खोबणीत, हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेड माउंटमध्ये ते १६ आहे.

आरसा गेला आणि सगळा भार सेन्सरवर आला. दृश्य दाखवायचं, फोकस धरायचा, फोटो द्यायचा, व्हिडिओ द्यायचा, सगळं त्यानेच. हळू वाचणारा सेन्सर इथे पुरा पडत नाही. उपाय निघाला तो थरांचा, ज्याला स्टॅक्ड सेन्सर म्हणतात. पूर्वी प्रकाश टिपणारे बिंदू आणि त्यांची वाचनाची यंत्रणा एकाच चकतीवर शेजारी-शेजारी दाटीवाटीने बसायची. आता वरचा थर फक्त प्रकाश टिपतो, खालच्या थरात जलद विद्युत मंडलं आणि स्मृती. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, आकारात असा पहिला सेन्सर सोनीच्या अल्फा नाइनमध्ये २०१७ साली आला. २०२१ मध्ये निकॉनने झेड-नाइनमधून यांत्रिक शटर काढूनच टाकलं, कारण तो सेन्सर सुमारे सेकंदाच्या २७०व्या भागात वाचून होतो. आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सोनीने जाहीर केलेला अल्फा नाइन थ्री हा खरा पाग. त्याच्या २.४६ कोटी बिंदूंचा प्रकाश एकाच क्षणी बंद होतो. याला ग्लोबल शटर म्हणतात.

या वेगाचा फरक कोकण रेल्वेच्या खिडकीत बसून बघावा. गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धावतेय. सेकंदाच्या तिसाव्या भागात ती ८३ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे चौकटीच्या वरपासून खालपर्यंत उभा असलेला रुळालगतचा खांब फोटोत पाऊण मीटरहून जास्त कलतो. जवळच्या पोफळीही वादळात सापडल्यासारख्या तिरक्या. तोच सेन्सर सेकंदाच्या २५०व्या भागात वाचून होत असेल तर कल १० सेंटिमीटरवर येतो. पागासारख्या शटरला खांब सरळच दिसतो.

मग सगळ्यांनी पागच का घेऊ नये? कारण त्याची किंमत फक्त पैशात नाही. ग्लोबल शटरमध्ये प्रत्येक बिंदूशेजारी एक छोटी कोठडी लागते, जिथे जमलेला विद्युतभार वाचनाची पाळी येईपर्यंत थांबतो. ती कोठडी प्रकाश टिपणाऱ्या भागातलीच जागा खाते. अल्फा नाइन थ्रीचा पायाभूत आयएसओ, म्हणजे प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा मूळ आकडा, २५० आहे, नेहमीच्या कॅमेऱ्यांचा साधारण १००. म्हणजे काळोख आणि लख्ख दिवा एकाच चौकटीत असतील तर त्याची ओढाताण जास्त. रात्रीच्या देवळात, काळ्या वेषातल्या संकासुरासमोर मला सावलीतला तपशील अधिक प्यारा आहे. क्रिकेटच्या मैदानावर किंवा फ्लॅश लावून काम करणाऱ्याचं मत वेगळं असेल आणि ते बरोबरही असेल. निकॉनने २०२४ मध्ये झेड-सिक्स थ्रीमध्ये मधली वाट काढली. तिथे सेन्सरच्या वरच्या-खालच्या कडांपुरतीच जलद मंडलांची जोड आहे, म्हणून तो पूर्ण स्टॅक्डपेक्षा स्वस्त आणि साध्यापेक्षा जलद. लग्नं, जत्रा, छोटे माहितीपट करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला माझ्या मते हा वर्ग पुष्कळ झाला.

वेगाने दिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र वेगळीच आहे, बटण दाबण्याआधीचा फोटो. खाडीच्या तोंडावर समुद्रगरुड सुरूच्या शेंड्यावर बसलेला असतो. पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास, पण झेप घेतली की पाण्याला पाय लागून तो वर उठेपर्यंत सगळा खेळ क्षणाचा. आपल्या डोळ्याने पाहिलं, मेंदूने ठरवलं, बोटाने दाबलं, यात पाव सेकंद जातो. माझ्याकडे अशा फुटलेल्या पाण्याचे फोटो ढिगाने आहेत, गरुड चौकटीबाहेर. नवे कॅमेरे बटण अर्धं दाबल्यापासून चित्रं घेत राहतात आणि जुनी पुसत राहतात. पूर्ण दाबलं की मागच्या एका सेकंदापर्यंतची चित्रंही जपली जातात. सेकंदाला १२० चित्रांच्या वेगाने त्या हुकलेल्या पाव सेकंदात ३० चित्रं आहेत! पंजा पाण्याला टेकला, मासा वर निघाला, पाण्याची धार तुटली, सगळं त्यात. अल्फा नाइन थ्रीच्या प्रत्येक बिंदूला १४ बिट धरले तर या वेगाने दर सेकंदाला ५ गिगाबाइटच्या वर माहिती होते. तेवढी लगेच कार्डावर उतरत नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या स्मृतीत रांग लावून थांबते. म्हणून असा मारा एक-दोन सेकंदांचाच.

व्हिडिओत पाहायचं ते रंगांच्या पायऱ्यांकडे. ८ बिट म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, १० बिट म्हणजे १०२४. घरातल्या चेहऱ्यावर फरक कळणार नाही. सूर्य बुडाल्यावर समुद्रावरच्या आकाशाकडे कॅमेरा वळवा आणि नंतर संगणकावर रंग जरा गडद करा. ८ बिटांत केशरीपासून जांभळ्यापर्यंतचं आकाश जिन्यासारखं पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतं, १० बिटांत ते सलग वितळतं. होडीत बसून शूटिंग करणाऱ्यांसाठी एक सूचना. सेन्सर चुंबकांवर तरंगत ठेवून चित्र स्थिर करण्याची सोय हाताचा थरकाप छान खाते, पण होडीची संथ डोल कॅमेऱ्याला बऱ्याचदा मुद्दाम फिरवल्यासारखी वाटते. तिथे गुडघे सैल ठेवून उभं राहणंच कामाला येतं.

आणि आपली हवा. मीठ ओलावा ओढून धरतं, म्हणून वाळलेला खारा थरही पुन्हा ओलसर होऊन धातू खात राहतो. कोरड्या फडक्याने घासलात तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. बाहेरचं अंग आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने. एसीच्या गाडीतून थेट बाहेर काढलेल्या भिंगावर दव धरतं, म्हणून बॅग बंद ठेवून कॅमेऱ्याला बाहेरच्या हवेइतकं गरम होऊ द्यायचं. पावसाळ्यात सर्वात मोठा शत्रू बुरशी. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. टॉर्च मारून पाहिलं तरच दिसतात आणि दिसेपर्यंत काचेवरचा लेप गेलेला असतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे. तांदळाचा डबा नको, त्यातली भुकटी फटीफटींत शिरते. आरसा नसल्याने भिंग काढलं की सेन्सर थेट समोर येतो, तेव्हा पुळणीवर भिंग बदलायचंच नाही. काही मॉडेलांत कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरपुढे पडदा उतरतो, ती सोय असेल तर सुरू करून ठेवावी.

राहिले ते पट्टे. जुन्या कॅमेऱ्यातही त्यांच्यावर अर्धा उपाय होता, तो मला उशिरा उमगला. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवायचं. मग प्रत्येक ओळीच्या वाट्याला दिव्याच्या एक किंवा दोन पूर्ण फेऱ्या येतात, सगळ्या ओळी सारख्याच उजळतात. आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांनी आणि १/५० शटरने करतात त्याचंही मूळ या विजेतच आहे. पण १/१०० ला संकासुराची उडी पुसट होते. ती पकडायची तर वाचनाचा वेग हवा आणि दिव्याची लय ओळखून नेमक्या उजेडाच्या शिखरावर फोटो घेणारी सोयही हवी.

यंदाच्या जत्रेला मित्राचा स्टॅक्ड सेन्सरचा कॅमेरा मागून नेला. तोच संकासुर, तेच दिवे, वेग पुन्हा हजारावा भाग. सकाळी त्याच टपरीवर त्या कलाकारांनी एक फोटो बोटाने मोठा केला, आणखी मोठा केला, बुरख्यापाशी थांबले.

"अरे, हयसर शिवण उसवली हा," ते म्हणाले. "रात्रीच्या आधी शिवूक होयी."