मालक नेमका कोण? अगरियांपासून डिलिव्हरीवाल्यांपर्यंत

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विरघळले. बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त गाजले ते गिग कामगार. घरपोच जेवण आणून देणारा, अ‍ॅपवर टॅक्सी चालवणारा, यांची दखल केंद्रीय कायद्याने घेतली म्हणून कौतुक झाले. मात्र सामाजिक सुरक्षा संहितेतली व्याख्या वाचली की जरा थबकायला होते. मालक-नोकर या परंपरागत नात्याच्या बाहेर राहून काम करून कमावतो तो गिग कामगार, असा तिचा आशय आहे. कायद्याने नोंद घेतली खरी, पण त्याच वाक्यात तुम्हाला मालक नाही हेही सांगून टाकले.

हा तपशील वरवरचा नाही. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, कामावरून काढताना द्यायची भरपाई, हे सगळे एकाच खुंटीला टांगलेले आहे: तुम्ही कुणाचे कामगार? ही खुंटीच नसेल तर बाकीची कलमे कितीही उदार असोत, हाती काही लागत नाही. त्यामुळे आपल्या कामगार कायद्याचा बराचसा इतिहास म्हणजे मालक शोधण्याचा इतिहास आहे.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये मालक दिसायचा तरी. तिथेही भरती करणारा, बदली कामगाराला आज साचा द्यायचा की गेटवरून परत पाठवायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे जॉबर. तरीही कारखाना मालकाचा, भोंगा मालकाचा, पगार गिरणीतून. गोंधळ खरा झाला तो कारखान्याच्या भिंतीबाहेर.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला यातला गाजलेला खटला मिठाचा आहे. सौराष्ट्रात धारंगधरा केमिकल वर्क्सकडे मिठागरांचा परवाना होता. अगरिया कुटुंबे हंगामाला तिथे यायची. वाफा कंपनी आखून द्यायची, मीठ अगरिया पिकवायचे आणि मणामागे ठरलेला दर मिळायचा. मदतीला माणसे घ्यायची तर अगरिया आपल्या पदराने घेत. कंपनीचे म्हणणे असे, की हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, आमचे कामगार नव्हेत. 1956च्या अखेरीस न्यायालयाने ते फेटाळले. काम काय करायचे एवढेच नव्हे, ते कसे करायचे यावरही ज्याचा ताबा चालतो तो मालक, ही कसोटी तिथे लावली गेली. कंपनीचे अधिकारी वाफ्यांवर देखरेख ठेवत, मिठाचा कस पाहून नापसंत माल नाकारत. अगरिया स्वतः राबत होते, त्यामुळे सोबत चार माणसे घेतली म्हणून ते व्यापारी ठरत नव्हते.

कसोटी मिळाली, पण ती किती निसरडी आहे हे विडी कारखान्यांनी दाखवून दिले. वर्षभराच्या आत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले, दोन्ही महाराष्ट्रातल्या विड्या वळणाऱ्यांबद्दल. पहिला बिरधीचंद शर्मा प्रकरणातला, नागपूरचा, डिसेंबर 1960. कामगार कारखान्यात येऊन विड्या वळत, हजेरी लागायची, दर नगावर. दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे आणि खराब विड्या बाजूला काढल्या जात. न्यायालय म्हणाले, हे कारखाना कायद्याखालचे कामगारच, त्यांना रजा मिळाली पाहिजे. दुसरा शंकर बाळाजी वाजे प्रकरणातला, ऑक्टोबर 1961. इथेही विड्याच, कारखान्यातच, दर नगावरच, आणि वाद पुन्हा रजेच्या पगाराचा. पण इथे माणूस हवा तेव्हा येई, हवा तेव्हा जाई, न सांगता गैरहजर राही, अमुक इतक्या विड्या वळल्याच पाहिजेत असे बंधन नव्हते. बहुमताने निकाल लागला की हा कामगार नाही. न्या. सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदवले. पानतंबाखू तीच, बोटेही तशीच. फरक दाराशी किती शिस्त होती एवढाच.

‘तुम्हाला वाटेल तेव्हा लॉग इन करा’ हे आजचे वाक्य ऐकले की मला हटकून वाजे निकाल आठवतो. वेळेची मोकळीक म्हणजे मालक नाही, हा युक्तिवाद साठ वर्षांहून जुना आहे.

विडीच्या बाबतीत संसदेने हा तिढा सोडवण्याऐवजी त्याला वळसा घातला. 1966च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांनाही कामगार ठरवले. पुढे न्यायालयांनीही कसोटी सैल केली. 1973मध्ये हैदराबादच्या शिंप्यांच्या खटल्यात, यंत्र दुकानदाराचे, नापसंत काम परत करण्याचा हक्क दुकानदाराचा, एवढे पुरेसे मानले गेले. 1978च्या हुसेनभाई प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी तर मध्यस्थ ठेकेदारांचा पडदाच बाजूला सारला. ज्याच्या धंद्यासाठी माल तयार होतो आणि ज्याच्या हाती त्या कामगारांच्या पोटापाण्याची दोरी असते, तो खरा मालक, अशी त्यांची भूमिका. कंत्राटी कामगार कायदा 1970चा, पण सरकारने एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद केली की कामगार आपोआप मूळ कंपनीचा होतो का, यावर न्यायालयानेच दोनदा उलटसुलट उत्तर दिले. 2001च्या स्टील अथॉरिटी निकालापासून उत्तर ‘नाही’ असे आहे. फक्त कंत्राट निव्वळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. कारखानदारांनी इथे एक लक्षात ठेवलेले बरे. करारावर ‘ठेकेदाराचा माणूस’ असे लिहून भागत नाही. हजेरी कोण घेतो, रजा कोण मंजूर करतो, कामावर हुकूम कुणाचा चालतो, हे तपासले जाते.

या सगळ्यात महाराष्ट्राने 1969मध्ये जे केले त्याला तोड नाही, असे माझे मत आहे. मशीद बंदर, दाणा बंदर, लोखंड बाजार इथला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवायचा, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी ट्रकवाल्याची. क्विंटलभराचे पोते पाठीवर, मजुरी मुकादमाच्या हातून, आणि पाय मोडला तर गावाकडे, सातारा-सांगलीला, रवानगी. या माणसाचा मालक कोण? दहा जण, म्हणजे कुणीच नाही. अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातून आलेले, स्वतः या कष्टकऱ्यांमधले. त्यांच्या संघटनेच्या लढ्यातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याचा सांगाडा गोदी कामगारांच्या 1948च्या केंद्रीय कायद्यावरून उचललेला होता. गोदीतही रोज वेगळे जहाज, वेगळा स्टीव्हडोर (जहाजातल्या मालाच्या चढउताराचा ठेकेदार) अशीच स्थिती असल्याने तिथे मंडळ नेमून कामगारांची नोंद ठेवली जात होती.

कायद्याने मालक शोधण्याच्या भानगडीत न पडता एक मंडळ उभे केले. त्यावर व्यापारी आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी, शिवाय सरकारचे. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही मंडळाकडे. टोळीने माल उतरवला की मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मजुरी कामगाराच्या नावे जमा, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. महिन्यात पंधरा व्यापाऱ्यांकडे काम केले तरी खाते एकच. पुढे किराणा, कापड, लोखंड अशी धंद्यानुसार मंडळे झाली, आणि 1981मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही हाच नमुना वापरला गेला. घरकामगारांसाठी 2008मध्ये मंडळाचा कायदा झाला, पण घरमालकांवर लेव्ही नाही. पैसाच येणार नसेल तर मंडळ काय करणार?

माथाडी व्यवस्था निर्दोष नाही. वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, व्यापारी, वाहतूकदार आणि टोळ्या यांचे वाद जुने आहेत. काम न करताच पैसे मागणाऱ्या, माथाडीच्या नावाखाली खंडणी वसूल करणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक सतत करत आले आहेत आणि त्यातल्या सगळ्या खोट्या नाहीत. दुसरीकडे, यंत्राने होणारे काम कायद्याबाहेर ठेवायच्या सरकारी प्रस्तावावर 2023मध्ये माथाडी संघटना खवळल्या. फोर्कलिफ्ट आली म्हणजे पाठीवरचे ओझे संपले असे होत नाही, हे त्यांचे म्हणणे बाजारात तासभर उभे राहिले तरी पटते.

आता गिग कामगारांकडे परत येऊ. नव्या संहितेत अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत. ही लेव्हीच झाली. राजस्थानने 2023मध्ये मंडळ, नोंदणी आणि दर व्यवहारामागे शुल्क असा कायदा केला. माथाडी बाजार पाहिलेल्याला त्यात काही नवे वाटणार नाही.

फक्त माथाडी मंडळातून मजुरीही जायची, आणि दर ठरवताना कामगारांचा प्रतिनिधी टेबलाशी असायचा. संहितेने लेव्ही घेतली, दर मात्र अ‍ॅपकडेच ठेवला. फेरीला किती पैसे, रेटिंग कशाने घसरले, आयडी का बंद झाला, यावर ती गप्प आहे. या शेवटच्या मुद्द्याला कर्नाटकच्या 2025च्या कायद्याने हात घातला: काम बंद करायचे तर लेखी कारण आणि 14 दिवस आधी सूचना. मालक कोण, हे तिथेही म्हटलेले नाही.